डाव्या खांद्यावरचा दाणा

देव नाही असं उघड म्हणणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि त्याच्या घरची देवपूजा आमच्या घरच्यापेक्षा दुप्पट वेळ चालायची. पूजा अर्थात त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, करत. पण सोमवारी बेलाची पानं आणायला पहाटे रानात जायचे ते आमचे हेडमास्तर. एकेक पान उजेडात धरून तिन्ही दळं शाबूत आहेत का ते बघायचे, आणि किडकं निघालं तर पुन्हा झाडाखाली जायचे. मी एकदा न राहवून म्हटलं, "मास्तर, तुमचा तर विश्वास नाही."

"माझा नाही, तिचा आहे," ते म्हणाले. "आणि तिचा आहे याला पुरावा आहे. मी रोज बघतो."

शिनोलीवरून भीमाशंकराकडे निघालं की वाटेत एक गाव लागतं. नाव लिहीत नाही, कारण तिथे माझ्या हाताखालून गेलेली माणसं अजून आहेत आणि त्यांतली काही वाचायला शिकली आहेत. त्या गावच्या शाळेत मास्तर दोन होते. एक हेड आणि दुसरा मी. तेव्हा माझं वय बावीस. देवाच्या बाबतीत माझं मत असं होतं की तो असावा, आणि शाळाखात्याचे डिप्टी तपासणीला आले की नक्कीच असावा.

हेडमास्तर मूळचे जुन्नरचे. उंच, सडसडीत, डोक्याला काळी टोपी, आणि बारा महिने काखेत छत्री. कोटाच्या खिशात तपकिरीची डबी असायची. कुणी काही ठाम बोललं की ते डबी काढायचे, चिमूट नाकाशी न्यायचे, आणि ती ओढायच्या आधी विचारायचे, "कशावरून?" उत्तर येईपर्यंत चिमूट तशीच हवेत. कितीतरी वेळा उत्तर यायचंच नाही, आणि मास्तरांची तपकीर वाया जायची. गावानं त्यांचं नाव 'कशावरून मास्तर' ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं आणि मनातून आवडायचंही.

खोटं बोलायचं नाही, हा त्यांचा हट्ट इतका टोकाचा होता की त्यांच्याशी साधं बोलणं म्हणजे एक परीक्षा असे. "देवाच्या दयेनं बरं आहे" असं लोक म्हणतात; हे म्हणायचे, "बरा आहे. कारण ठाऊक नाही." एकदा शाळेच्या ओसरीवर त्यांना विंचू चावला आणि ते मोठ्यानं "अरे देवा!" म्हणून ओरडले. मी पाणी घेऊन धावलो. माणूस घामाघूम झालेला, बोट काळंनिळं, पण त्यांना चिंता वेगळीच. माझा हात घट्ट धरून म्हणाले, "असिस्टंट, तो नुसता उद्गार होता. माझं मत म्हणून धरू नका."

आता अशा माणसाच्या शाळेत डिप्टी आले की काय होणार? एका वर्षी त्यांनी तिसरीच्या वर्गाला विचारलं, "देव कुठे आहे?" असल्या प्रश्नाला 'सर्वत्र' म्हणायचं असतं, हे महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोराला सांगावं लागत नाही. पण आमचं एक पोरगं उभं राहिलं आणि म्हणालं, "साहेब, अजून तपास चालू आहे." मी भिंतीवरच्या नकाशात तोंड खुपसलं. डिप्टींनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "मुलगा खरं बोलला आहे साहेब. मी चौकशी बंद केलेली नाही." त्या वर्षीचा आमचा शेरा काही फार बरा नव्हता.

माणूस भांडखोर मात्र नव्हता, हे सांगायला हवं. देवाबद्दल कुणी काही मुद्दा मांडला की त्यांचा चेहरा मिठाई समोर आल्यासारखा व्हायचा. मुद्दा हातात घ्यायचे, उलटासुलटा करून बघायचे, आणि खालून भोक सापडलं की हळहळायचे. "चांगला होता हो," म्हणायचे. "अगदी थोडक्यात गेला."

एका चैत्रात जुन्नरहून एक हरिदासबुवा मारुतीच्या देवळात कीर्तनाला आले. आवाज खडा, शाल भारी, आणि गावात नास्तिक आहे हे त्यांना कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. पूर्वरंगातच त्यांनी बाण काढला. "मडकं दिसलं की कुंभार मानावाच लागतो. मग एवढं जग दिसतंय, त्याचा कुंभार मानायला लाज कसली?" सगळं देऊळ मान वळवून आमच्याकडे बघायला लागलं. मी जरा सरकून बसलो. मास्तर उभे राहिले.

"बुवा, दृष्टांत झकास आहे. आणि आपलं नशीब असं की गावचा कुंभार इथेच बसलाय. त्यालाच विचारू या. काय कोंडाजी, मडकं एकट्यानं होतं का रे?"

कोंडाजी कुंभार गोंधळून उठला. "एकट्यानं कसं व्हईल मास्तर? बायकू माती तुडवती. भाऊ आवा रचून पेटवतो. पोरं लीद गोळा करत्यात."

"माती तू करतोस?"

"माती कोन करतंय? ती वढ्याला असतीच."

"आणि आव्यातली सगळी मडकी धड निघतात?"

"छ्या! पाच-धा तरी फुटत्यात. जाळ लई झाला तर निम्मी बी जात्यात."

मास्तर बुवांकडे वळले. "म्हणजे तुमच्या दृष्टांतावरून असं निघतं की जग करणारे चार-पाच जण असावेत, त्यांत एक बाई असावी, माती त्यांची नव्हती, आणि बराचसा माल फुटका निघाला. हे आपल्याला मान्य असेल तर माझीही काही हरकत नाही."

बुवांनी टाळकऱ्यांना खूण केली आणि एकदम विठ्ठलनामाचा गजर सुरू झाला. कोंडाजी मात्र दुसऱ्या दिवसापासून मडक्यावर टिचकी मारताना विनाकारण गंभीर दिसू लागला.

गावात एक शेठजी होते. त्यांचे आजोबा मारवाडातून आलेले, धर्मानं जैन, बोलणं आमच्यासारखंच मराठी. मीठ, गूळ, कापड, सगळं त्यांच्याकडे मिळे. देह असा की दुकानाच्या दारात उभे राहिले तर आत अंधार व्हायचा. जग कुणी निर्माण केलं असं जैन मानत नाहीत, हे मास्तरांनी कुठेतरी वाचलं, आणि वाचलं त्याच पावली ते छत्री विसरून दुकानात गेले. मी मागोमाग होतोच.

"शेठजी, जगाचा कर्ता कुणी नाही असं तुम्ही मानता, हे खरं का?"

"खरं आहे. जग आपलं आहेच."

मास्तरांचे डोळे भरून यायचे बाकी राहिले. इतक्या वर्षांत त्यांना गावात सोबत मिळाली होती. "मग तुम्ही माझेच!" ते म्हणाले.

"तसं नाही मास्तर," शेठजी गूळ कापडात बांधत म्हणाले. "कर्ता नाही, पण कर्म आहे. करावं तसं भोगावं लागतं. म्हणून तर मी चतुर्दशीला उपास करतो."

"पण तेच कर्म त्याच माणसाला बरोबर शोधून काढतं, ते कशावरून?"

शेठजी हसले. "मास्तर, वासरू हजार गाईंत आपली आई शोधतं. ते कशावरून?"

परत येताना मास्तर मध्येच थांबले. मग म्हणाले, "वास. वासरू वासावरून ओळखतं. पण हे तिथे सुचलं नाही." आणि ते सांगायला पुन्हा अर्ध्या वाटेवरून माघारी गेले.

त्यांचा एक मुद्दा असा होता की त्याला उत्तर मी आजवर ऐकलेलं नाही. गावाबाहेर भैरोबाचं देऊळ होतं. नवस फेडलेल्या बायकांनी तिथे तुळईला लाकडी पाळणे टांगलेले असत, लहान लहान, रंगवलेले. एकदा मी आणि ते दोघं नवरा-बायको असे तिघं तिथे गेलो होतो. मी, थोडा चिडवायलाच, पाळण्यांकडे बोट दाखवून म्हटलं, "एवढा पुरावा वर टांगलाय की मास्तर." ते पटकन म्हणाले, "हे झालेल्यांचे. ज्यांना झालं नाही त्यांचे पाळणे कुठे टांगलेत?"

बोलून झाल्यावर त्यांना कळलं की वहिनी शेजारी उभ्या आहेत. त्यांना मूलबाळ नव्हतं. वहिनींनी पदर सारखा करून देवाला नमस्कार केला आणि बाहेर आल्या. मास्तर घरापर्यंत त्यांच्या मागे चार पावलं अंतर ठेवून चालत होते. तो मुद्दा त्यांनी पुन्हा आयुष्यात कुणासमोर काढला नाही. मला त्या दिवशी स्वतःचा राग आला, कारण काडी मी टाकली होती.

या भैरोबाला कौल लावायची चाल होती. सकाळची पूजा झाली की धोंडिबा गुरव मूर्तीच्या दोन खांद्यांवर तांदळाचा एकेक ओला दाणा चिकटवायचा आणि मोठ्यानं सवाल विचारायचा. उजवा दाणा आधी पडला तर देव 'हो' म्हणाला, डावा पडला तर 'नको'. सोयरीक, विहीर, बैल, भावाभावांतली वाटणी, सगळं या दोन दाण्यांवर. पाटलासकट कुणी त्याबाहेर जात नसे.

मास्तरांनी या कौलांची एक वही घातली होती. ते स्वतः गेले की गुरव बिथरायचा, म्हणून पाहायला मला पाठवत. मी दाणा कुठला पडला ते येऊन सांगायचो, ते तिथीसकट लिहून घ्यायचे. दोन वर्षं हे चाललं. मग एका रविवारी त्यांनी मला बोलावून वही पुढे केली. चेहरा लाल झाला होता.

"असिस्टंट, तुमचा देव उन्हाळ्यात 'हो' म्हणतो आणि हिवाळ्यात 'नको' म्हणतो."

देऊळ पूर्वाभिमुख. उन्हाळ्यात सूर्य उत्तरेकडे सरकून उगवतो, तेव्हा दारातून येणारं ऊन मूर्तीच्या उजव्या खांद्यावर पडतं. थंडीत सूर्य दक्षिणेकडे जातो, ऊन डाव्या खांद्यावर येतं. ज्या खांद्यावर ऊन, तिथला दाणा आधी सुकतो आणि सुटतो. एवढंच. "आणि लग्नं उन्हाळ्यात ठरतात," मास्तर म्हणाले, "म्हणून तर हा देव एवढा दयाळू म्हणून प्रसिद्ध आहे." त्या दिवशी त्यांनी लागोपाठ तीन वेळा तपकीर ओढली. इतके सुखी मी त्यांना कधी पाहिले नव्हते.

त्याच साली मार्गशीर्षात गावात उंदीर पडले.

प्लेगच्या त्या वर्षांत 'उंदीर पडले' एवढे दोन शब्द पुरत. खालच्या अंगाच्या गावांतून बातम्या येतच होत्या. पहिला उंदीर शेठजींच्या वखारीत मिळाला, दुसरा पाटलाच्या कणगीपाशी. गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहावं, हा एकच उपाय होता. पण नुकतं भात घरात येऊन पडलेलं, थंडी मी म्हणत होती, आणि मोकळ्या घरांत चोर शिरतील ही धास्ती. कुणी हलायला तयार नव्हतं.

मास्तर चावडीवर गेले आणि तासभर बोलले. आधी उंदीर मरतात, मग माणसं. गाव सोडतात ती गावं वाचतात. पाटलांनी सगळं ऐकून घेतलं आणि मिशीवरून हात फिरवून म्हणाले, "कशावरनं?"

चावडी खदखदून हसली. मास्तरांनी वर्तमानपत्रांतली माहिती सांगितली.

"तुमी सोता डोळ्यांनी पायलंय का?" पाटील म्हणाले.

मास्तर खोटं बोलत नसत. "नाही. वाचलं आहे."

"मंग त्ये ऐकीव झालं. ऐकीव धरायचं न्हाई, असं तुमीच सांगता न्हवं? आमी उद्या सकाळी देवाला इचारतो. गाव सोडू का म्हनून. तो म्हनंल तसं."

सहा वर्षं त्यांनी गावाला शंका घ्यायला शिकवलं होतं, आणि गाव अखेर शिकलं ते नेमकं त्या दिवशी. बाहेर आल्यावर मास्तर चिंचेखाली उभे राहिले. "असिस्टंट, महिना कोणता?" मी सांगितलं. "उद्या देव 'नको' म्हणणार," ते म्हणाले. "आणि ही सगळी माणसं घरात बसून मरणार."

तिथून ते मला घेऊन सरळ धोंडिबा गुरवाच्या घरी गेले. दुपारची वेळ होती. म्हातारा अंगणात बेलफुलांची परडी विणत बसला होता. आत सुनेचं तान्हं रडत होतं. मास्तरांनी बसल्या बसल्या त्याला उन्हाचं सगळं गणित समजावून सांगितलं. धोंडिबाचे हात थांबले नाहीत.

"ते मला ठावं हाय," तो म्हणाला.

"ठाऊक आहे?"

"चाळीस वरसं पूजा करतोय मास्तर. ऊन कुटं पडतंय ते मला नाय कळायचं?"

दोन वर्षांची वही मास्तरांच्या हातात होती. ती त्यांनी हळूच कोटाच्या खिशात सारली. "मग लोकांना सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? देव उनाच्या हातानं बोलला तर तो काय देव न्हाई व्हय?"

वेळ वाद घालायची नव्हती. ते म्हणाले, "धोंडिबा, उद्या सवाल फिरव. 'गाव सोडू का' विचारू नकोस. 'गावात राहू का' असं विचार. डावा दाणा पडेल, देव 'नको' म्हणेल, आणि लोक बाहेर पडतील."

म्हाताऱ्यानं परडी खाली ठेवली. ही गोष्ट त्याच्या मनात आधी आलेली नसावी असं मला वाटत नाही.

"म्यां फिरिवला तर पाटील म्हनंल, गुरवाला भ्या वाटलं, त्यानं लबाडी केली. सवाल तुमी सांगायचा. दाणंबी तुमीच बघायचं. तुमी देव मानीत न्हाई आन् खोटं बोलत न्हाई, ह्ये समद्या गावाला ठावं हाय. तुमच्या म्होरं कौल लागला तर कुनाची छाती न्हाई शंका घ्यायची."

"दाणे नीट लावले एवढं मी सांगेन. ते खरंच असेल."

"तेवढ्यानं भागायचं न्हाई. पाटील तुमास्नी इचारनार, मास्तर, देव बोलला का? तवा काय सांगनार?"

आतलं तान्हं रडायचं थांबलं होतं. मास्तर उठले, चपला घातल्या आणि चालू लागले. धोंडिबा त्यांच्या पाठीकडे बघत राहिला. मला म्हणाला, "लई अवघड मागितलं म्यां."

दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तर मूर्तीपासून दोन हातांवर उभे. ते आलेले पाहूनच लोक चकित झाले होते. पाटलांनी सवाल विचारायला सांगताच मास्तर म्हणाले, "पाटील, आपण आत्ता राहतो आहोत कुठे? गावात. मग आधी आहे त्याबद्दल विचारावं. देवा, आम्ही गावात राहू का? त्याला हो म्हणाला तर पुढचं विचारायलाच नको." पाटलांनी विचार केला आणि मान डोलावली. त्यात चुकीचं काहीच नव्हतं.

धोंडिबानं दाणे लावले. मास्तरांनी वाकून दोन्ही पाहिले. "सारखे ओले आहेत," ते म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं.

मग सगळं गाव दाण्यांकडे बघायला लागलं आणि मास्तर एकटे उन्हाकडे. उन्हाचा पट्टा दारातून आत आला होता, मूर्तीमागच्या भिंतीपर्यंत पोचला होता, खांद्यावर उतरायचा होता. आणि एकाएकी तो नाहीसा झाला. मी दाराकडे पाहिलं. शेठजी येऊन दारात उभे होते. त्यांचा धर्म वेगळा, पण गाव काय ठरवतंय ते त्यांनाही हवं होतं. सगळं दार त्यांनी भरून टाकलं होतं.

दोन्ही दाणे ओलेच्या ओले. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. उजवा दाणा जरासा हलला असं मला वाटलं. तेवढ्यात मास्तरांचा आवाज आला, शाळेत 'गप्प बसा' म्हणतात तसा. "शेठजी, बाजूला व्हा! देवाला उजेड येऊ द्या!"

शेठजी दचकून सरकले. ऊन आलं, डाव्या खांद्यावर उतरलं. किती वेळ गेला सांगता येत नाही. डावा दाणा निसटला, मूर्तीच्या छातीवरून घरंगळला आणि खाली पडला.

"नको म्हनला!" धोंडिबा ओरडला. बायांनी पदर तोंडाला लावले. पाटील मात्र तिथल्या तिथे उभे होते. ते सावकाश मास्तरांकडे वळले.

"मास्तर, तुमी सांगा. देव बोलला का?"

मी मास्तरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांचं सगळं आयुष्य त्या एका उत्तराआड उभं होतं, हे त्या गर्दीत मला आणि धोंडिबाला तेवढं ठाऊक होतं.

"बोलला," मास्तर म्हणाले.

दिवस मावळायच्या आत गाव माळावर होतं. त्या थंडीत शेजारच्या दोन गावांत दार लावायला माणूस उरलं नाही अशी घरं झाली. आमच्याकडे दोघं गेले. ते गाव सोडायच्या आधीच तापानं पडलेले होते. धोंडिबाच्या सुनेचं तान्हं झोपडीत रांगायला लागलं.

आणि मग मास्तरांचे हाल सुरू झाले. देवानं नास्तिकाच्या तोंडून साक्ष वदवली, ही बातमी पार आळे गावापर्यंत गेली. लोक बैलगाड्या करून भैरोबाला यायचे आणि देवाचं दर्शन झालं की शाळेच्या खिडकीतून मास्तरांचंही घ्यायचे. एकानं तर खिडकीतूनच नारळ आत ठेवला. हरिदासबुवांनी त्यांच्यावर आख्यान रचलं, असंही ऐकलं. पुढच्या तपासणीला डिप्टींनी तोच प्रश्न विचारला, देव कुठे आहे, आणि पोरं एका सुरात ओरडली, "भैरोबाच्या देवळात! आमच्या मास्तरांनी पाहिलाय!" डिप्टी खूश झाले. शेरा फार चांगला मिळाला. मास्तर त्या दिवशी जेवले नाहीत, असं वहिनी म्हणाल्या.

मी एकदा म्हटलं, "आता प्लेग सरला. सांगून टाका की खरं."

"आणि पुन्हा उंदीर पडले तर?" ते म्हणाले. "तेव्हा हे बाहेर कशाच्या जोरावर निघतील? माझ्या वहीच्या?"

दोन वर्षांनी त्यांची बदली नगरकडे झाली. चावडीपुढे निरोपाची सभा भरली. पाटलांनी भाषण केलं. "ह्या मानसानं आमास्नी देव खरा करून दावला," असं पाटील म्हणाले. मग मास्तरांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मला धडकीच भरली. माणूस उद्या निघून जाणार, आता त्याला कुणाचं बंधन? मागे धोंडिबा हात जोडून उभा होता, कुणाकडे बघून जोडले होते कळत नव्हतं.

मास्तर उठले. काखेतली छत्री खाली ठेवली. मग म्हणाले, "पाटील म्हणतात ते मी नाकारत नाही. एकच सांगतो. पुन्हा उंदीर पडले की त्याच दिवशी गाव सोडा. देवानं एकदा सांगितलेलं आहे. त्याच गोष्टीसाठी दर वेळी कौल लावून त्याला त्रास देऊ नका." एवढं बोलून ते खाली बसले.

मी पुढे त्या गावात पाच वर्षं होतो. दोनदा उंदीर पडले. दोन्ही वेळा गाव कुणाला न विचारता उठलं.

निरोपाच्या सभेच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या गाडीबरोबर शिनोलीपर्यंत चालत गेलो. मास्तर गाडीत पाय खाली सोडून बसले होते, शेजारी वहिनी, मांडीवर देवांची पेटी घेऊन. गाव दिसेनासं झाल्यावर मास्तर म्हणाले, "असिस्टंट, आयुष्यभर खरं बोललो, त्यावर कुणी विश्वास ठेवला नाही. एकदा खोटं बोललो, तर सगळं गाव उठून चालू लागलं."

त्या दुपारी धोंडिबाच्या अंगणात काय बोलणं झालं होतं, ते वहिनींना मास्तरांनी कधी सांगितलं मला ठाऊक नाही. पण सांगितलेलं होतं. कारण त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "पण मी म्हणते, सवाल फिरवायची बुद्धी नेमकी त्याच दिवशी तुम्हाला कुणी दिली?"

पुढे रस्ता खडबडीत होता आणि पेटी हिंदकळायला लागली होती. मास्तरांनी ती उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"याला उत्तर आहे," ते म्हणाले. "मंचर आलं की देतो."

मंचर अजून बरंच पुढे होतं. मी शिनोलीहून परत फिरलो.